फाइलीचा ताळा

“संशयिताचा संगणक जप्त करण्यांत आला,” हें वाक्य आमच्या वाचकांनीं वर्तमानपत्रांत अनेक वेळां वाचलें असेल. बातमी तेथें संपते. तपास करणाराचें काम मात्र तेथूनच सुरू होतें. आजच्या साध्या घरगुती संगणकांत मालकानें स्वतःचें एक अक्षरही लिहिण्यापूर्वीं केवळ मूळ कार्यप्रणाली व तिच्या सोबतीचा परिवार मिळून लाखावर फाइली असूं शकतात. अक्षरांचे साचे, चित्रें, ध्वनि, छापयंत्राशीं बोलणीं करणारे लहान लहान कार्यक्रम, देशोदेशींच्या घड्याळांचीं कोष्टकें, असा तो पसारा असतो. मालकाचीं पत्रें, हिशेब व छायाचित्रें या ढिगांत कोठें तरी पडलेलीं असतात. एक लाख फाइली एकेक करून उघडावयाच्या म्हटल्या, व दर फाइलीस अवघा अर्धा मिनिट दिला, तरी रोज आठ तास काम करणारास शंभराहून अधिक दिवस लागतील. ज्याच्यावर आळ आला आहे तो मनुष्य निरपराध असेल तर हे शंभर दिवस त्याच्या व त्याच्या मुलाबाळांच्या आयुष्यांतून जातात. आणि तो अपराधी असेल तर ज्याचें नुकसान झालें त्यास तितके दिवस न्याय मिळत नाहीं.

बरें, फाइलीच्या नांवावर विसंबावें असेंही नाहीं. ज्यास कांहीं लपवावयाचें आहे तो आपल्या हिशेबाच्या फाइलीस कार्यप्रणालीच्या एखाद्या रुक्ष भागाचें नांव देऊन त्याच कप्प्यांत ठेवून देईल. आणि ज्यास दुसऱ्यास फसवावयाचें आहे तो आपल्या घातक कार्यक्रमास गणकयंत्राचें किंवा दिनदर्शिकेचें नांव देईल. फाइलीवरच्या तारखाही बदलतां येतात. नांव, गांव व वय जो सांगेल तें खरें मानावयाचें नाहीं, अशा या मुलुखांत ओळख पटवावयाची तरी कशी? या प्रश्नाचें उत्तर आज जगभर ज्या युक्तीनें दिलें जातें तिचें नांव ‘हॅश’. ती समजण्यास फार मोठें गणित लागत नाहीं. निदान तिचें मर्म समजण्यास लागत नाहीं.

जुन्या पिढीचे शिक्षक गुणाकार झाला कीं मुलांस ‘ताळा पाहा’ असें सांगत. आमच्या वाचकांपैकीं आजोबा मंडळींस ही नवाच्या ताळ्याची रीत आठवत असेल, इतरांसाठीं सांगतों. ३४६ यांस २५ नीं गुणिलें असतां ८६५० येतात. आतां ३, ४ व ६ मिळून १३. १ व ३ मिळून ४. तसेंच २ व ५ मिळून ७. चार सत्ते अठ्ठावीस. २ व ८ दहा. १ व ० एक. उत्तराचे अंक ८, ६, ५ व ० मिळून १९. १ व ९ दहा. म्हणजे पुन्हा एक. दोहोंकडे एकच आला, ताळा जमला. एवढी मोठी संख्या, परंतु तिची खूण म्हणून एकच अंक हातीं राहिला, हें येथें ध्यानांत घ्यावें. हॅश ही याच जातीची वस्तु आहे.

पण या जुन्या ताळ्यांत एक खोट आहे. घाईंत कोणी ८६५० ऐवजीं ८५६० लिहिले तर अंकांची बेरीज तीच राहते, ताळाही जमतो, आणि उत्तर मात्र चूक असतें. ताळा चुकला तर गणित खात्रीनें चुकलें; ताळा जमला तर गणित बहुधा बरोबर, एवढेंच म्हणतां येतें. ही उणीव गणितज्ञांच्या ध्यानांत होतीच. प्रत्येक घरांत असलेल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक हा असाच ताळ्याचा अंक आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तो याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें काढतात, व त्या रीतीनें एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तें तत्काळ उघडकीस येतें.

प्रत करतांना चूक होऊं नये याची चिंता संगणकाहून फार जुनी आहे. जुन्या कराराचा इब्री पाठ पिढ्यान् पिढ्या जतन करणारे मासोरेती पंडित सुमारें सहाव्या ते दहाव्या शतकांत तिबिर्या व इतर ठिकाणीं काम करीत. त्यांनीं पुस्तकांतील ओवींची मोजदाद करून ती नोंदून ठेविली, अक्षरें मोजलीं, पुस्तकाचा मध्य कोठें येतो तें टिपलें, व विरळ शब्दरूपें किती वेळां आलीं याच्या टिपा समासांत घातल्या. नवी प्रत तयार झाली कीं मोजणी पुन्हा करून पाहावयाची. या श्रमांचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे. तथापि नवाचा ताळा घ्या, आधाराचा अंक घ्या, कीं मासोरेतींची मोजणी घ्या, हे सर्व उपाय प्रामाणिक माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीसाठीं आहेत. जाणूनबुजून फसविणारा मनुष्य एक अक्षर काढून दुसरें घालील आणि मोजणी बरोबर ठेवील. संगणकाच्या जगांत गांठ अशा माणसाशीं आहे. म्हणून ताळाही तसाच कडवा हवा.

‘हॅश’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बारीक चिरून एकत्र केलेला पदार्थ, आपल्याकडचा खिमाच म्हणा ना! शब्द मोठा समर्पक आहे. मांसाचा खिमा करतां येतो. खिम्यापासून बकरा करतां येत नाहीं. तसेंच फाइलीपासून हॅश क्षणांत निघतो, परंतु हॅश हातीं आला म्हणून त्यावरून फाईल घडवितां येत नाहीं. हा पहिला गुण. दुसरा असा कीं फाईल चार ओळींच्या पत्राची असो वा दोन तासांच्या चित्रपटाची असो, हॅशची लांबी ठरलेलीच असते. तिसरा, तीच फाईल मुंबईंत, मेलबर्नमध्यें किंवा मस्कतमध्यें कोणीही कोणत्याही संगणकावर तपासली तरी हॅश तोच येतो. फाइलीचें नांव त्यांत मोजलें जात नाहीं, आंतला मजकूर तेवढा मोजला जातो. चौथा गुण सर्वांत महत्त्वाचा: मजकुरांत तिळाएवढा जरी फेर झाला तरी सबंध हॅश पार बदलून जातो.

हें घडतें कसें? सध्यां सर्वत्र मान्य असलेली ‘एसएचए-२५६’ ही रीत पाहूं. संगणकांतील कोणतीही वस्तु, मग ती कविता असो, चित्र असो वा गाणें असो, शेवटीं शून्य व एक यांची रांग असते. या रीतींत त्या रांगेचे ६४ बाइटांचे, म्हणजे ५१२ शून्य-एकांचे, घास करतात. शेजारीं आठ संख्यांचें एक पात्र ठेविलेलें असतें. प्रत्येक घास त्या पात्रांत ओतून ६४ वेळां घुसळतात: कांहीं संख्या फिरवावयाच्या, कांहीं एकमेकींत मिळवावयाच्या, कांहींची जागा बदलावयाची. एका घासाचें घुसळणें संपलें कीं त्याच पात्रांत दुसरा घास. शेवटच्या घासाच्या शेपटीस मूळ मजकुराची एकंदर लांबीही जोडतात. मासोरेती पंडितांस ही गोष्ट आवडली असती. सर्व घास संपल्यावर त्या आठ संख्या ओळीनें मांडल्या कीं तोच हॅश. आरंभीं पात्रांत ज्या आठ संख्या असतात त्या कोणाच्या मनाच्या नव्हेत. २, ३, ५, ७, ११, १३, १७ व १९ या पहिल्या आठ मूळ संख्यांचीं वर्गमुळें काढून त्यांच्या अपूर्णांक भागांतून त्या घेतल्या आहेत. आणि घुसळतांना लागणाऱ्या ६४ संख्या पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. रीत ठरविणारांनीं आपल्या सोयीची एखादी गुप्त संख्या आंत दडवून ठेविली असेल, असा संशय कोणास येऊं नये म्हणून ही काळजी घेतली आहे. वर्गमुळें काढण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं याची नोंद घ्यावी.

हॅश लिहितांना दहा अंक पुरत नाहींत. सोळा चिन्हें लागतात. म्हणून नवानंतर ए, बी, सी, डी, ई, एफ हीं सहा इंग्रजी अक्षरें अंकांसारखीं वापरतात. ‘एमडी-५’ ही रोनाल्ड रिव्हेस्ट या अमेरिकन पंडितानें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेली रीत ३२ चिन्हांचा हॅश देते. १९९५ सालची ‘एसएचए-१’ ही ४० चिन्हांचा, व ‘एसएचए-२५६’ ही ६४ चिन्हांचा.

आम्हीं संगणकवर्गांत मुलांकडून एक प्रयोग करविला, तो कोणासही करतां येण्याजोगा आहे. चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो, या अर्थाचें एक इंग्रजी वाक्य टंकलेखन शिकणाऱ्या सर्वांच्या परिचयाचें आहे, कारण त्यांत इंग्रजीचीं सव्वीसही अक्षरें येतात. तें वाक्य पूर्णविरामाशिवाय लिहून एमडी-५ रीतीनें हॅश काढला तर त्याचीं पहिलीं आठ चिन्हें ‘९ई१०७डी९डी’ अशीं येतात. वाक्याच्या शेवटीं एक पूर्णविराम द्या, कीं तीं ‘ई४डी९०९सी२’ अशीं होतात. एका टिंबानें सारें रूप बदललें! मुलांस त्याहून मौज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या फाइलींत कांहींच लिहिलेलें नाहीं अशा कोऱ्या फाइलीचाही हॅश असतो, तो ‘डी४१डी८सीडी९’ असा सुरू होतो, आणि जगांतल्या प्रत्येक कोऱ्या फाइलीचा तोच असतो. एका मुलानें कोऱ्या फाइलीस ‘गृहपाठ’ असें नांव देऊन पाहिलें. हॅश फसला नाहीं.

आतां तपासाकडे वळूं. एखाद्या कार्यक्रमाची खरी प्रत आधींच कोणी विश्वासू संस्थेनें मिळवून, तींतल्या प्रत्येक फाइलीचा हॅश काढून, त्यांची यादी करून ठेविली असेल तर तपासनिसाचें काम किती सोपें होईल! जप्त संगणकांतील लाख फाइलींचे हॅश यंत्रानें काढावयाचे, यादीशीं ताडून पाहावयाचे, आणि ज्या जुळतील त्या बाजूस सारावयाच्या. उरतील त्या मालकाच्या स्वतःच्या, किंवा अनोळखी. त्यांकडेच माणसाचे डोळे लावावयाचे. रुक्ष नांव देऊन दडविलेली हिशेबाची फाईल येथें आपोआप उघडी पडते, कारण नांव कार्यप्रणालीचें असलें तरी हॅश यादींत सांपडत नाहीं.

अशी यादी आहे, व ती कोणासही फुकट मिळते. अमेरिकेंत मेरीलंड प्रांतांत गेदर्सबर्ग येथें ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ या नांवाची सरकारी संस्था आहे. वजनेंमापें प्रमाणित करण्यासाठीं ती १९०१ सालीं निराळ्या नांवानें स्थापन झाली. तिला संक्षेपानें ‘निस्ट’ म्हणतात. या शतकाच्या आरंभापासून तिनें ‘नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी’ हें भांडार चालविलें आहे. यास ग्रंथालय म्हणतात खरें, परंतु येथलीं ‘पुस्तकें’ म्हणजे विकत घेतलेले किंवा देणगी मिळालेले संगणकाचे कार्यक्रम: खोक्यांतल्या तबकड्या, जुन्या चौकोनी फ्लॉपी, खेळ, कार्यप्रणाली, व अलीकडे इंटरनेटवरून उतरविलेल्या प्रती. त्या घरीं नेण्यास मिळत नाहींत. कुलपांत ठेवून त्यांची नोंद राखावयाची, आंतल्या प्रत्येक फाइलीचे हॅश काढावयाचे, व ते कोणत्या कार्यक्रमाच्या कोणत्या आवृत्तींतले आहेत तें लिहून यादी प्रसिद्ध करावयाची, हें तेथलें काम. यादी वर्षांतून चार वेळां नवी होते, कारण कार्यक्रमांच्या आवृत्त्या भराभर बदलतात व जुनी यादी लवकरच अपुरी पडते. मूळ प्रत जपून ठेवण्याचा हेतु असा कीं उद्यां न्यायालयांत कोणी विचारलें, “हा हॅश त्या कार्यक्रमाचाच, हें कशावरून?” तर कपाट उघडून मूळ वस्तु दाखवितां यावी.

या यादीविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे, व तो शिकल्यासवरलेल्यांतही दिसतो, म्हणून येथें थोडें थांबतों. यादींत सांपडली ती फाईल ‘चांगली’, असें लोक धरून चालतात. यादी तसें म्हणत नाहीं. ती एवढेंच म्हणते कीं ही फाईल ‘ओळखीची’ आहे. निस्टच्या यादींत मजकूर चित्रांत दडविण्याचीं साधनें आहेत, दुसऱ्याच्या संगणकांत शिरण्यास उपयोगीं पडणारे कार्यक्रमही आहेत. कारण तेही प्रसिद्ध झालेले कार्यक्रमच. गांवच्या पोलीस पाटलास गांवांतला सज्जनही ओळखीचा असतो आणि चोरही. २०१७ सालीं याचा चांगलाच प्रत्यय आला. संगणकांतील केरकचरा काढणारा ‘सीक्लीनर’ नांवाचा लोकप्रिय कार्यक्रम आहे. त्याची ऑगस्ट महिन्यांत निघालेली आवृत्ति मुळांतच बिघडविलेली होती. घुसखोरांनीं निर्मात्याच्या कारखान्यांत शिरून, माल बाहेर पडण्यापूर्वींच, त्यांत आपलें विष कालविलें होतें. तिच्यावर निर्मात्याची खरी सही होती, प्रत अस्सल होती, हॅश जुळत होता. सप्टेंबरांत हें उघडकीस आलें तोंपर्यंत ती सुमारें २२ लाख ७० हजार लोकांच्या संगणकांत पोंचली होती. दुधांत पाणी गवळ्याच्या घरींच मिसळलें असेल तर वाटेंतल्या नाक्यावर कॅन सीलबंद असल्याची तपासणी करून काय उपयोग?

दुसरी शंका चाणाक्ष विद्यार्थी स्वतःच काढतील. फाइली अनंत, हॅश मात्र ठराविक लांबीचे. तर दोन निरनिराळ्या फाइलींचा हॅश एकच येणार नाहीं का? येईल, यावाच लागेल. प्रश्न इतकाच कीं तसा जोड कोणास शोधून काढतां येईल का. एमडी-५ चे संभाव्य हॅश इतके आहेत कीं ती संख्या लिहावयास ३९ अंक लागतात. एसएचए-२५६ ची लिहावयास ७८. यदृच्छेनें जोड सांपडेल ही आशा सोडावी. परंतु गणितज्ञ यदृच्छेवर थोडेच बसतात! चीनमधील विदुषी श्याओयुन वांग व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं एमडी-५ चे असे जोड तयार करून दाखविले. पुढें २०१२ सालीं उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ नांवाच्या हेरगिरीच्या कार्यक्रमानें याच दोषाचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्ट कंपनीचें म्हणून खोटें प्रमाणपत्र बनविलें होतें. २०१७ च्या फेब्रुवारींत ॲम्स्टरडॅम येथील गणितसंस्था व गूगल यांच्या संशोधकांनीं एसएचए-१ चीही तीच गत केली. डोळ्यांस स्पष्ट निराळीं दिसणारीं दोन पत्रकें, आणि दोहोंचा हॅश एक. त्यासाठीं त्यांस नवावर अठरा शून्यें मांडावीं इतक्या वेळां ती रीत चालवावी लागली.

मग एमडी-५ व एसएचए-१ वर उभारलेल्या जुन्या याद्या फुकट गेल्या काय? येथें एक बारकावा आहे, तो वाढदिवसांच्या उदाहरणानें समजेल. वर्गांत २३ मुलें असतील तर त्यांतल्या कोणा तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशीं येण्याचा संभव निम्म्याहून किंचित् अधिक असतो. हें मुलांस प्रथम खरें वाटत नाहीं. पण तुमच्याच वाढदिवसाचा सोबती तितक्या संभवानें मिळावा अशी इच्छा असेल तर तुमच्याखेरीज २५३ मुलें जमवावीं लागतील. कोणतीही जोडी चालत असेल तर शोध सोपा. नेमकी एकाची जोडी हवी असेल तर फार कठीण. वांगबाईंनीं व इतरांनीं केलें तें पहिल्या जातीचें काम: दोन्ही फाइली त्यांच्या स्वतःच्या होत्या. यादींत आधींच असलेल्या, दुसऱ्यानें केलेल्या फाइलीस जुळणारी बनावट फाईल तयार करणें हें दुसऱ्या जातीचें काम. आणि तें एमडी-५ च्या बाबतींतही आजवर व्यवहारांत कोणास साधल्याचें दिसून आलेलें नाहीं. म्हणून ओळखीच्या फाइली बाजूस काढण्यास जुन्या याद्या अजून चालतात. मात्र जेथें दोन्ही फाइली एकाच लबाडाच्या हातच्या असूं शकतात, जसें करारपत्र किंवा प्रमाणपत्र, तेथें त्या रीतींवर भरंवसा ठेवणें म्हणजे घर उघडें टाकून निजणें होय.

उलट बाजूचीही एक अडचण आहे. एका टिंबानें हॅश बदलतो हा गुण खरा, पण गुन्हेगारही त्याचा उपयोग करून घेतो. आपल्या घातक कार्यक्रमांत एखादा निरुपयोगी बाइट घातला कीं काळ्या यादींतल्या हॅशशीं तो जुळेनासा होतो. अशांसाठीं ‘जवळपास सारखी’ फाईल ओळखणारी निराळी रीत लागते. जेसी कॉर्नब्लम यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेली ‘एसएसडीप’ ही त्यांपैकीं एक. ती फाइलीचे तुकडे पाडून प्रत्येकाची लहानशी खूण काढते, आणि दोन फाइलींच्या किती खुणा जुळतात तें सांगते.

पालकांस यांत रस वाटावा असें एक कारण आतां आपल्या देशांतही आलें आहे. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्याची जागा घेणारा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलांत आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणें संगणक, मोबाईल इत्यादींतील नोंद पुरावा म्हणून दाखल करावयाची तर सोबत प्रमाणपत्र जोडावें लागतें. आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यांत त्या नोंदीचा हॅश व तो कोणत्या रीतीनें काढला, हें लिहिण्याची जागा छापलेलीच आहे. एक भाग पुरावा देणारानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें. तपासनीस जप्त वस्तूची हुबेहूब प्रत करतात ती असें यंत्र मध्यें घालून, कीं ज्यांतून वाचतां येतें पण लिहितां येत नाहीं. मग मूळ व प्रत या दोहोंचे हॅश जुळवितात. पुढें खटला कित्येक वर्षांनीं उभा राहिला तरी तोच हॅश पुन्हा काढून पाहतां येतो. तो जुळला नाहीं तर मधल्या काळांत कोणी तरी आंत हात घातला, असें म्हणण्यास आरोपीच्या वकिलास पुरेपूर जागा राहते; आणि ती राहावी हेंच योग्य.

यामुळें सामान्य माणसानेंही एक गोष्ट जाणून असावी. धमकीचें पत्र, अपघाताचें छायाचित्र, पैशांच्या देवघेवीचा कागद असें कांहीं उद्यां पुरावा म्हणून लागेलसें वाटलें तर मूळ फाईल ज्या यंत्रांत आली त्यांतच न हालवितां राहूं द्यावी. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र नेहमींच्या रीतीनें धाडलें कीं वाटेंत तें दाबून लहान केलें जातें. डोळ्यांस तें तसेंच दिसतें, हॅश मात्र निराळा. तेंच ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडलें तर जसेंच्या तसें पोंचतें. वर्डमधील पत्र नुसतें उघडून, एक अक्षरही न बदलतां, पुन्हा साठविलें तरी हॅश बहुधा बदलतो, कारण साठविल्याची वेळ फाइलीच्या पोटांत लिहिली जाते. आमच्या एका सहकाऱ्याचा या गोष्टीवर बराच वेळ विश्वास बसेना. शेवटीं त्यांनीं स्वतः करून पाहिलें.

घरीं नवा कार्यक्रम उतरवून घेतांनाही हा ताळा उपयोगीं पडतो. पुष्कळ निर्माते आपल्या फाइलीशेजारीं तिचा हॅश छापतात. विंडोजमध्यें ‘सर्टयुटिल’ व लिनक्समध्यें ‘एसएचए२५६सम’ हीं हॅश काढण्याचीं साधनें आधींच बसविलेलीं असतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या कार्यप्रणालीच्या संकेतस्थळांत घुसखोर शिरले, व त्यांनीं लोकांस चोरदरवाजा ठेविलेल्या बनावट प्रतीकडे वळविलें. दुसऱ्या दिवशीं चालकांनीं खऱ्या प्रतींचे हॅश जाहीर करून लोकांस आपली प्रत पडताळून पाहण्यास सांगितलें. परंतु ज्या घुसखोरास फाईल बदलतां येते त्यास त्याच पानावरचा हॅशही बदलतां येतो, हें विसरूं नये. म्हणून हॅश दुसऱ्या वाटेनें मिळवावा, किंवा त्यावर निर्मात्याची कूटलेखनशास्त्रानुसार केलेली सही आहे कीं नाहीं तें पाहावें.

राहतां राहिली जुन्या रीतींची गोष्ट. निस्टनें २०२२ च्या डिसेंबरांत जाहीर केलें कीं एसएचए-१ ही रीत ३१ डिसेंबर २०३० पर्यंत सर्वत्र सोडून द्यावी. भांडाराच्या यादींतही आतां एसएचए-२५६ चे हॅश येऊं लागले आहेत. हे नवे हॅश जुन्या हॅशांवरून काढतां आलेले नाहींत, येणेंही शक्य नव्हतें; खिम्याचा बकरा होत नाहीं. जुन्या तबकड्या व फ्लॉपी कपाटांत शिल्लक होत्या, त्यांतून त्याच फाइलींचा नव्या रीतीनें पुन्हा हॅश काढतां येतो. ज्या फाइलींचा नुसता जुना ताळा कोणी टिपून ठेविला आणि मूळ प्रत टाकून दिली, त्यांस नवा ताळा आतां कोठूनही मिळावयाचा नाहीं.